नाव असलेला भात

ट्रेमध्ये पाच भांडी होती. उजव्या हाताला झाकणाच्या काळ्या वाटीत मिसो सूप. चपट्या बशीत बांगड्याच्या जातीच्या माशाची एक बाजू, नुसतं मीठ लावून कातडी करपेपर्यंत भाजलेली. बोटभर वाटीत मुळ्याचं लोणचं. कागद अंथरलेल्या बशीत तळलेल्या भाज्या. आणि डाव्या हाताला, सगळ्यांत जवळ, भात.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, सूप तोंडाला लावून प्या. चमचा मागू नका, इथं असंच पितात.’’

बंगळूरचं हे जपानी हॉटेल पंचतारांकित नव्हतं. इमारतीच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा टेबलं. शेजारच्या टेबलावर कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक जपानी माणूस एकटाच जेवत होता. त्याने वाटी उचलून तोंडाशी नेली, काड्यांनी भात आत ओढला, सूप आवाज करत प्यायला, पैसे ठेवले आणि गेला. पंधरा मिनिटं. आपल्याकडे मार्केट यार्डातला हमाल खानावळीत जसा जेवतो, तसाच तो जेवला.

मी आधी तो भात कोरडाच खाल्ला. दाणा आखूड, गोलसर, वरून चमक, तेलतुपाचा थेंब नाही. दाणे एकमेकांना धरून होते, पण लगदा झाला नव्हता. शितावरून भाताची परीक्षा हे मी शेतकऱ्याच्या घरात शिकलो. हा भात कुणीतरी मन लावून शिजवला होता. वाढणाऱ्या पोराला विचारलं, तांदूळ कुठला? आत जाऊन विचारून येतो असं तो म्हणाला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, ‘‘जपानी जात आहे सर, आखूड दाण्याची. दुसरा तांदूळ आमच्या किचनमध्ये चालत नाही.’’

त्याच रात्री निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावात एका हॉटेलात जेवायला बसलो आणि तोच प्रश्न विचारला. वाढप्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘राइस म्हंजे राइस की हो. वाडू का नको?’’

त्या पोराचा दोष नाही. त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. माझा राग मालकावर आहे, आणि त्याहून जास्त आपल्यावर, गिऱ्हाइकांवर. ज्या बेळगावच्या तांदळाचा वास पाहुण्यांना ओसरीवरच कळायचा, त्याच बेळगावात भाताच्या ताटावर बसून कुठला भात असं विचारणारा माणूस आज विक्षिप्त ठरतो.

बंगळुरात जपानी हॉटेलं आली कशी, हे आपल्या भागातल्या वाचकाने नीट ऐकावं. १९९७ साली टोयोटा आणि किर्लोस्कर एकत्र आले आणि बंगळूरजवळ बिडदीला मोटारींचा कारखाना उभा राहिला. त्यामागोमाग जपानी इंजिनिअर आले, इतर जपानी कंपन्या आल्या. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या माणसाला संध्याकाळी आपला भात आणि आपलं सूप लागतं. ती भूक भागवायला ही हॉटेलं निघाली. रेसिडेन्सी रोडवरचं ‘हरिमा’ हे त्यांतलं जुनं नाव. शहरातली आपली पोरं तिथं नंतर पोचली.

आणि हे किर्लोस्कर कुठले? १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढे शेतीची अवजारं केली ती बेळगावात. मग म्युनिसिपालटीने त्यांना जागा सोडायला लावली आणि १९१० साली ते औंध संस्थानातल्या कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर गेले. तिथं किर्लोस्करवाडी झाली. बेळगावने त्या दिवशी काय गमावलं हे आपण शंभर वर्षं हळहळत सांगतो. आज तांदूळ गमावतोय, त्याची हळहळ कुठे ऐकू येत नाही.

शहरातल्या लोकांनी जपानी जेवणाची एक चुकीची समजूत करून घेतली आहे. त्यांच्या लेखी जपानी जेवण म्हणजे सुशी, आणि सुशी म्हणजे बढाईची गोष्ट. सहा तुकडे, सातशे रुपये, आधी फोटो, मग जेवण. जपानमध्ये रोजच्या जेवणाचा हा चेहरा नाही. सुशी स्वतः जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, गाड्यावर उभ्याने खायचा पदार्थ होता. १९५८ साली ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरचं पहिलं सुशी हॉटेल काढलं, ते कमी पगाराच्या माणसाला परवडावं म्हणून. गोमांसाचे काप टाकलेला भात विकणारं ‘योशिनोया’ १८९९ साली तोक्योच्या मासळी बाजारात निघालं. तिथं येणारे कोण होते? पहाटे टोपल्या उचलणारे.

मी जेवलो त्या ट्रेला जपानीत ‘तेइशोकु’ म्हणतात. ठरलेलं जेवण. भात, सूप, लोणचं, एक मुख्य पदार्थ. आपल्याकडे याला राइस प्लेट म्हणतात, त्याच्याही आधी नुसतं ताट म्हणत. म्हणजे बंगळूरचं ते जपानी हॉटेल ही खानावळ आहे. परदेशात नोकरीला आलेल्या माणसांची खानावळ. मुंबईला गिरणीत गेलेल्या आपल्या माणसांना गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी जगवलं, तसंच.

इथं आपल्या शिकलेल्या पोरांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जपानी माणूस सूप फुरकून पितो, त्याचं तुम्हाला कौतुक वाटतं. तुमचा आजा आमटीची वाटी तोंडाला लावून फुरका मारतो, तेव्हा मित्रांसमोर तुम्ही मान खाली घालता. जपानी हॉटेलात चटईवर मांडी घालून बसायचे जास्तीचे पैसे मोजता. घरी पाटावर बसायला पाय दुखतात. जपानी लोक जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात, ते तुम्हाला पाठ आहे. पंगतीत पहिल्या घासाआधी विठ्ठलाचं नाव घेतलं तर तुम्ही फोनमध्ये बघता. परक्याची रीत समजून घेणं चांगलंच. पण तीच रीत घरात दिसल्यावर लाज वाटते, याचा अर्थ तुम्ही ती समजूनच घेतलेली नाही.

आता तांदळाकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठी.

जपानमध्ये दुकानात सहसा नुसता ‘तांदूळ’ मिळत नाही. पोत्यावर जातीचं नाव असतं, प्रांताचं नाव असतं, पिकाचं वर्ष असतं. कोशिहिकारी ही त्यांची सगळ्यांत नावाजलेली जात, १९५६ साली नोंदलेली. तीच कोशिहिकारी निइगाता प्रांतातल्या उओनुमा भागात पिकली तर दर आणखी चढतो, कारण त्या खोऱ्यातलं बर्फाचं पाणी आणि थंड रात्री यांवर लोकांचा विश्वास आहे. शरद ऋतूत नवं पीक आलं की हॉटेलांच्या दारावर ‘शिनमाई’ असा कागद लागतो. नवा तांदूळ आला, या. दिवाळीनंतर सुगीतल्या नव्या तांदळाचा पहिला भात आपल्याकडे देवाला दाखवत, त्याच गोष्टीची ही पाटी. त्यांनी ती हॉटेलच्या दारापर्यंत आणली. आपण देव्हाऱ्यापाशीच ठेवली आणि मग तिथूनही काढली.

२०१३ साली जपानी आहारपरंपरा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. त्या मानाचा पाया हा रोजचा भात आहे, महागडी सुशी नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपल्या देशाशी बांधलेली आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला पोचले. इंग्रज मागावर होते. तोक्योत शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना दुकानामागच्या खोलीत लपवलं. पुढे १९१८ साली त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी रासबिहारींचं लग्न झालं. ती तरुणपणीच, १९२५ साली गेली. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा रासबिहारींनी तिथं खरी हिंदुस्थानी करी सुरू करायला लावली. जपानात तेव्हा इंग्रजांकडून आलेली पिठाळ करी मिळत होती. आपल्या देशाचं जेवण इंग्रजांच्या हातून जगाला कळावं, हे त्या माणसाला मान्य नव्हतं. त्या करीसाठी सोमांनी साधा तांदूळ घेतला नाही. शिरोमे नावाची जुनी, दर्जेदार जात शेतकऱ्यांकडून मुद्दाम पिकवून घेतली. दर इतर ठिकाणच्या करीच्या कित्येक पट ठेवला आणि लोकांनी तो दिला. एका हॉटेलवाल्याने ठरवलं म्हणून मागे पडलेल्या तांदळाला शेत मिळालं.

माझ्या मनात ही गोष्ट घर करून बसली आहे. हॉटेलवाला ठरवू शकतो.

आता आपलं बघा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या शिवारांतला तांदूळ ‘बेळगाव बासमती’ म्हणून ओळखला जायचा. मुंबई-पुण्याचे पाहुणे जाताना कुंदा नेत आणि पायलीभर तांदूळ नेत. आमच्या कडोली भागाची ओळख बटाट्याची, रताळ्याची आणि भाजीची, पण पावसाळी भात प्रत्येक घराला लागतोच. मे महिन्याच्या शेवटाला धूळवाफेवर कुरीने पेरणी, मग कोळपण, भांगलण, आणि दिवाळीनंतर कापणी. आई वासाचा तांदूळ शिजवायची तेव्हा पाण्याला आधण आलं की गल्लीत कळायचं. अतिशयोक्ती करत नाही. शेजारीण दारातूनच विचारायची, ‘‘कोन आलंय गं आज?’’ कारण तो तांदूळ रोज शिजत नसे. पाहुणा आला, की शिजे.

तो तांदूळ कमी का झाला याची कारणं गुपित नाहीत. वासाची जात उंच वाढते, वाऱ्याला लोळते, उतारा कमी देते. बाजारात तिला जास्त दर मिळाला नाही, तर शेतकरी भरघोस उताऱ्याची जात लावणार. पाणी असेल तर ऊस लावणार. शहर वाढलं, शिवारात प्लॉट पडले. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी याच सुपीक पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, उभ्या पिकात यंत्रं शिरताना बांधावर उभे राहिले. बेळगावच्या तांदळासाठी कुणी खरंच काही सोसलं असेल तर त्यांनी. आपण हॉटेलात जिरा राइस मागवत होतो.

नावाचाही घोळ आहे. ‘बासमती’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशाला. त्यात कर्नाटक नाही, बेळगाव नाही. म्हणजे आपल्या तांदळाला उसन्या नावावर उभं राहता येणार नाही, स्वतःचं नाव घ्यावं लागेल. शेजारच्या आजऱ्याकडे बघा. तिथल्या शेतकऱ्यांनी घनसाळ हे आपलं जुनं नाव सोडलं नाही, त्यावरच मानांकन मिळवलं आणि आज ‘आजरा घनसाळ’ म्हणून तांदूळ विकला जातो. चंदगड ओलांडलं की आजरा. हे काम होऊ शकतं याचा पुरावा इतक्या जवळ आहे.

मी हे बोलायला लागलो की हॉटेलवाले हमखास म्हणतात, परवडत नाही. चला, हिशोब करू. एका ताटाला कोरडा तांदूळ शंभर ग्रॅम धरा. वासाच्या तांदळाला किलोमागे चाळीस रुपये जास्त मोजले, तर ताटामागे फरक पडतो चार रुपयांचा. चार रुपये. पाण्याच्या बाटलीवर आणि जेवणानंतरच्या पानावर याहून जास्त जातात. रोज शंभर ताटं जाणाऱ्या खानावळीला दिवसाला दहा किलो तांदूळ लागतो, वर्षाला साडेतीन टनांच्या वर. अशा पाच-सहा खानावळींनी सुगीआधीच शब्द दिला, तर कितीतरी शेतकरी वासाची जात पुन्हा लावतील. सिंधनूर-गंगावतीकडच्या सोना मसुरीशी माझं वैर नाही, तोही शेतकऱ्याच्याच घामाचा. पण बेळगावात बसून बेळगावचा भात एका तरी ताटात मिळावा, ही मागणी जास्त आहे का? पिकतं तिथं विकत नाही ही म्हण आपण इतकी मनावर घेतली, की आता पिकतही नाही.

त्या ट्रेमधल्या तळलेल्या भाज्यांबद्दल सांगायचं राहिलं. पातळ पिठातून काढलेल्या, अगदी हलक्या. त्यांत एक भोपळ्याची फोड, एक भेंडी, आणि एक पिवळसर गोल चकती. चावलो आणि लगेच कळलं. रताळं. कडोलीच्या माणसाला रताळं ओळखायला दुसरा घास लागत नाही. आमच्याकडे रताळी पोत्यांत भरून बेळगाव मार्केट यार्डात जातात, तिथून एकादशी, नवरात्र, शिवरात्रीच्या उपासाला मुंबई-दिल्लीपर्यंत. पोत्यावर गावाचं नाव नसतं, जातीचं नाव नसतं, असतो फक्त दलालाचा शिक्का. जपानात थंडीच्या दिवसांत भाजक्या रताळ्यांचा गाडा गल्लीतून ओरडत फिरतो, आणि तिथं रताळ्यालाही नाव असतं. बेनिहारुका वेगळं, तानेगाशिमा बेटावरचं आन्नो वेगळं. लोक नाव घेऊन मागतात.

भाच्याला म्हटलं, ‘‘हे बघ, आपल्या शेतातलं.’’

तो म्हणाला, ‘‘मामा, मी इथं दोन वर्षं येतोय. मला वाटलं कसलं तरी जपानी कंद आसंल.’’

मी त्याला रागावलो नाही. कडोलीच्या मातीत वाढलेल्या पोराला त्याच्या ताटातलं रताळं ओळखू आलं नाही, कारण घरी ते फक्त उपासाला, उकडून, नाक मुरडत खाल्लं जातं. त्याच्या बशीत ते मानाने ठेवलं गेलं, तेव्हा त्याला ते परकं वाटलं. तो क्षणभर थांबला, मग आपल्या बशीतली चकती त्याने माझ्याकडे सरकवली नाही, स्वतः खाल्ली.

म्हणून बंगळूर-पुण्याच्या पोरांना माझं सांगणं, जपानी हॉटेलात खुशाल जा. सुशीवर पगार उधळण्याआधी दुपारचं साधं ताट मागवा. भाताची वाटी हातात घ्या, दाणा बघा, तांदूळ कुठला ते विचारा, मासा कुठला ते विचारा. ही सवय तिथं लागू द्या. आणि सुट्टीला गावी याल तेव्हा ती सोबत घेऊन या.

बेळगाव-निपाणीच्या हॉटेलमालकांना विनंती आहे. दारावर थाळीचा दर लिहिता, त्याखाली एक ओळ वाढवा. आजचा तांदूळ, अमुक जात, अमुक गाव. ज्या दिवशी बाहेरचा असेल त्या दिवशी बाहेरचा म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही. पण लिहा.

आणि आमच्या कडोलीकरांना. हिवाळ्यात आपल्या गावात साहित्य संमेलन भरतं. सीमाभागातली माणसं चालत, गाडीने, बसने येतात, लेखक येतात, दुपारी जेवायला बसतात. भाषा टिकवायला आपण इतकी वर्षं हा मांडव घालतो आहोत. तेव्हा सुगी नुकतीच झालेली असते, नवा तांदूळ घराघरांत आलेला असतो. यंदा त्या जेवणात आपल्या शिवाराचा भात वाढू या, आणि मांडवाच्या दारात पाटी लावू या, तांदळाची जात आणि पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत. माझ्या घरचे दहा किलो मी आजच बाजूला काढून ठेवले आहेत. तुमचे किती, ते कळवा.